थोडं पुढे, थोडं मागे

बांधाच्या कोपऱ्यावर चिंधी बांधलेली बांबूची काठी धरून मी उभा असायचो. वय नऊ-दहा. साल १९७६ च्या आसपासचं. नाना भूमापनात होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला कधीकधी मोजणीला बरोबर न्यायचे. काठी सरळ धरायची आणि हलायचं नाही, एवढंच माझं काम. समोर वीस-पंचवीस पावलांवर नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात साखळी ताणलेली असायची, ओळीच्या दोन्ही टोकांना झेंड्या रोवलेल्या, आणि नाना साखळीच्या कडेने हातात शंकू घेऊन चालत असायचे.

शंकू म्हणजे टोकाला लोखंडी अणी असलेली छातीएवढी काठी. तिच्या माथ्यावर लाकडी ठोकळा आणि त्या ठोकळ्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन सरळ खाचा. नाना काठी जमिनीत टेकवायचे, एका खाचेतून ओळीच्या टोकाची झेंडी बरोबर दिसते ना ते बघायचे, मग बाजूला होऊन दुसऱ्या खाचेतून माझ्याकडे बघायचे. माझी काठी खाचेत दिसली नाही की शंकू उचलायचा, एक पाऊल पुढे. पुन्हा बघायचं. आता जास्त झालं, अर्धं पाऊल मागे. मग वीतभर पुढे. शेवटी दोन्ही खाचांतून दोन्ही काठ्या एकाच वेळी दिसायच्या, तेव्हा नाना तिथे टाचेने खूण करायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पडला लंब."

मग मोजमाप. ओळीच्या सुरुवातीपासून त्या खुणेपर्यंत किती, आणि खुणेपासून माझ्या काठीपर्यंत किती. हे दोन आकडे टिपणात जायचे. मुंबई इलाख्यातली जुनी टिपणं साखळी-आण्यांत लिहिलेली होती. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. नानांच्या काळात नवी मोजणी बहुतेक फलक यंत्रावर व्हायची आणि हिशेब मीटरमध्ये आले होते, पण जुन्या टिपणावरून हद्द कायम करायची असली की शंकू पेटीतून बाहेर निघायचा.

शेत कितीही वाकडंतिकडं असो, मधून एक सरळ ओळ घ्यायची, प्रत्येक कोपऱ्यातून त्या ओळीवर लंब टाकायचा. लागोपाठच्या दोन लंबांच्या मध्ये एक समलंब चौकोन तयार होतो. दोन लंबांची बेरीज करून निम्मी करायची आणि ते लंब ओळीवर जिथे पडले त्या दोन जागांमधल्या अंतराने गुणायची. अशा तुकड्यांची बेरीज म्हणजे शेत. दोन भावांच्या वाटण्या, बँकेचं कर्ज, बांधावरून झालेली वर्षानुवर्षांची अबोला-भांडणं, या सगळ्याखाली शेवटी तो लंब नेमका कुठे पडला हा प्रश्न असायचा. नाना म्हणायचे, लंब लहान ठेवावा. लंब लांब गेला की काटकोनातली बारीकशी चूकही पलीकडच्या टोकाला हातभर होते. म्हणून ओळ निवडतानाच ती कोपऱ्यांच्या जवळून जाईल अशी निवडायची. हे त्यांना कुणी गणित म्हणून शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या चालण्यात होतं.

शाळेत आठवी-नववीत तीच गोष्ट कंपासपेटीतून भेटली. रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब टाका. पट्टी रेषेला लावायची, तिच्यावर गुण्याची एक काटकोनी कड टेकवायची आणि गुण्या हळूहळू सरकवत न्यायचा, त्याची उभी कड बिंदूला लागेपर्यंत. बिंदूच्या पुढे गेला तर थोडा मागे. पहिल्यांदा गुण्या सरकवला तेव्हा मी बाईंना म्हणालो होतो, "हे नाना शेतात करतात." बाई हसल्या आणि मला फळ्याकडे बोलावून मोठ्या लाकडी गुण्याने तसाच लंब काढायला लावला. खडूची भुकटी बोटांना लागली होती, ते मला अजून आठवतं. कंपासने काढायची दुसरी रीतही होती. बिंदूतून रेषेला दोन जागी छेदणारा कंस घ्यायचा आणि त्या दोन छेदबिंदूंच्या मध्यातून जाणारा लंब काढायचा. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली ही बारावी कृती. पण मला सरकता गुण्याच आवडायचा. कंपासची कृती बिनचूक असते, गुण्याची शोध घेते.

मग १९८२ मध्ये अकरावी सायन्स. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना लंबपाद हा शब्द एका रात्रीत सोडून फूट ऑफ परपेंडिक्युलर म्हणावं लागलं. वर्गातल्या निम्म्या मुलांना पहिले काही दिवस वाटत होतं, हे फुटात मोजायचं काहीतरी असणार. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्यावर एक उभा माणूस काढला आणि त्याच्या पायाखाली ठिपका दिला. "पाय," ते म्हणाले, "लंबाचा पाय जिथे टेकतो ती जागा. आपल्या मराठीत लंबपाद. शब्द विसरू नका, इंग्रजीत फक्त त्याचं भाषांतर झालंय."

आणि मग त्यांनी घातलेलं उदाहरण. आकडे मला पाठ आहेत, कारण पुढे तीस वर्षं मी स्वतः वर्गात तेच उदाहरण घालत आलो. रेषा ३क्ष + ४य = २३. बिंदू (८, ६). लंबपाद काढा.

पायऱ्या अशा. दिलेल्या रेषेचा चढ उणे तीन चतुर्थांश. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक, म्हणून लंबाचा चढ चार तृतीयांश. हा चढ असलेली आणि (८, ६) मधून जाणारी रेषा म्हणजे ४क्ष − ३य = १४. लंबपाद दोन्ही रेषांवर आहे, तेव्हा दोन्ही समीकरणं एकत्र सोडवायची. पहिल्याला तीनने गुणा, ९क्ष + १२य = ६९. दुसऱ्याला चारने गुणा, १६क्ष − १२य = ५६. बेरीज केली की य नाहीसा होतो आणि उरतं २५क्ष = १२५. क्ष पाच. मग य दोन. लंबपाद (५, २).

सर इथे थांबले. "हे पंचवीस कुठून आले?" कुणी काही बोललं नाही. त्यांनी फळ्यावर ९ आणि १६ भोवती वर्तुळं काढली. तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग. रेषेच्या समीकरणात जे सहगुणक होते, तेच एकदा रेषेतून आणि एकदा लंबातून आले, एकमेकांना भेटले आणि त्यांचे वर्ग झाले. "सूत्राच्या खाली अ-वर्ग अधिक ब-वर्ग दिसेल," ते म्हणाले, "तेव्हा ते आकाशातून पडलं असं समजू नका. तुम्ही या वाटेने चालत गेलात की ते तुम्हाला वाटेतच भेटतं." अंतर काढलं तर तेही तीन आणि चारच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ, म्हणजे पाच. सबंध तासात एवढं एकच उदाहरण झालं. आज मला त्या संथपणाचा हेवा वाटतो.

घरी येऊन मी नानांना उत्साहाने सांगितलं, की शेतात न जाता, शंकू न टेकवता, लंब कुठे पडतो ते काढता येतं. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला, सगळ्या पायऱ्या वाचल्या. त्यांना समीकरणं सोडवता येत होती. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण बिंदू आठ आणि सहावर आहे, हे कुणी मोजलं?"

त्या वेळी मला हा प्रश्न गैरलागू वाटला. शिकवायला लागल्यावर कळलं, की निर्देशक भूमितीचा सगळा व्यवहारच त्या प्रश्नावर उभा आहे. देकार्तचं भूमितीवरचं पुस्तक १६३७ चं. प्रत्येक बिंदूला दोन संख्या जोडायच्या, मग आकृतीचा प्रश्न समीकरणाचा प्रश्न होतो, ही त्यातून वाढत गेलेली रीत. आणि ते दोन आकडे म्हणजे तरी काय, तर दोन अक्षांवर टाकलेल्या लंबांचे पाय. (८, ६) असं लिहिलं, की एक लंब आडव्या अक्षावर आठवर आणि एक उभ्या अक्षावर सहावर पडला हे गृहीत धरलेलंच असतं. लंबपाद काढायला बसण्याआधीच आपण दोन लंबपाद वापरून बसलेले असतो. नानांच्या टिपणातही तेच होतं. ओळीवरचे इतके आणे आणि लंबाचे इतके आणे, ही प्रत्येक कोपऱ्याची दोन संख्यांची जोडीच की.

ही जोडी आपल्याकडे किती जुनी आहे हे मला फार उशिरा समजलं, आणि तेही आमच्या चाळीसगावपासून थोड्याच अंतरावर असलेल्या पाटणामुळे. पाटणादेवीला आम्ही लहानपणी कितीदा गेलो असू. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो लेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. हे कळल्यावर मी भास्कराचार्यांची 'लीलावती' नीट वाचायला घेतली. इसवी सन ११५० चा ग्रंथ. त्यात त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, की पायाचे जे दोन तुकडे होतात त्यांना आबाधा म्हटलंय. पाया १४, बाजू १३ आणि १५. बाजूंची बेरीज २८, फरक २, गुणाकार ५६, तो पायाने भागला की ४. हे चार पायात मिळवून आणि वजा करून निम्मे करायचे. आबाधा ९ आणि ५. लंब १२, क्षेत्रफळ ८४. अक्ष नाही, चढ नाही, समीकरणाची रेषा नाही, तरी लंबाचा पाय नेमका कुठे पडला ते हातात आलं.

पण मला थांबवलं ते पुढच्या उदाहरणाने. बाजू १० आणि १७, पाया फक्त ९. तीच रीत लावली तर बाजूंची बेरीज २७, फरक ७, गुणाकार १८९, पायाने भागून २१. नवातून एकवीस वजा केले की उणे बारा, निम्मे उणे सहा. दुसरी आबाधा १५. उणे सहा लांबीचा तुकडा कसा असेल? भास्कराचार्य सांगतात, उणे म्हणजे उलट्या दिशेला. लंब पायाच्या बाहेर पडला आहे. लंब ८, क्षेत्रफळ ३६, सगळं बरोबर जुळतं. रेषेवर शून्याच्या डावीकडे उणे संख्या ठेवायची ही गोष्ट आपण सहावीत संख्यारेषेवर सहज शिकतो. ती इथे, देकार्तच्या पावणेपाचशेहून जास्त वर्षं आधी, एका लंबाच्या पायामुळे मांडावी लागली. त्या रात्री मी नानांची आठवण काढत बराच वेळ जागा होतो. त्यांचेही लंब असे बाहेर पडायचे. कोपरा ओळीच्या टोकाच्या पलीकडे असला, की ते साखळी तशीच पुढे वाढवून घ्यायचे.

आता आमच्या घरात धाकट्या भावाची मुलगी बारावीला आहे. सीईटीची तयारी चालू आहे. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. मी तिला तेच जुनं उदाहरण घातलं. तिने कागदाच्या कोपऱ्यात चोवीस अधिक चोवीस वजा तेवीस, पंचवीस, भागिले पंचवीस, एक, असं लिहिलं. आठातून तीन गेले, सहातून चार गेले. "पाच, दोन." मला घड्याळाकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. मी अजून चढ लिहीत होतो.

तिचं सूत्र खरं आहे आणि सुंदरही आहे. बिंदू समीकरणात घालून काय उरतं ते बघायचं, अ-वर्ग अधिक ब-वर्गाने भागायचं आणि तेवढ्या पटीने रेषेच्या काटकोनातल्या दिशेने मागे यायचं. दुप्पट मागे आलं की आरशातली प्रतिमा मिळते, (२, −२). आणि आता बारावीत अवकाशातली रेषा आली, की आमच्या लाडक्या उणे एकच्या नियमाला तिथे जागाच उरत नाही, कारण अवकाशातल्या रेषेला एकच एक चढ नसतो. तिथे सदिशच लागतात. रेषेवरचा सरकता बिंदू लॅम्डाने लिहायचा, त्यापासून दिलेल्या बिंदूकडे जाणारा सदिश घ्यायचा आणि रेषेच्या दिशेशी त्याचा बिंदू-गुणाकार शून्य करायचा. ही रीत माझ्या पायऱ्यांपेक्षा दूरवर पोचते, हे मी तिच्यासमोर कबूल केलं.

पण मी तिला सरांचा प्रश्न विचारला. खाली ए-स्क्वेअर प्लस बी-स्क्वेअर कुठून आलं? तिला माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. शेवटच्या काही वर्षांत मीसुद्धा वर्गात आधी सूत्र लिहून देत होतो. वेळ कमी, अभ्यासक्रम मोठा, मुलांचे पालक सीईटीबद्दल विचारणारे. त्या वर्षांत माझ्या हातून किती मुलं त्या पंचविसाला न भेटताच पुढे गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आम्ही त्या संध्याकाळी सगळ्या पायऱ्या केल्या. नऊ आणि सोळाभोवती तिने स्वतः वर्तुळं काढली.

मग तिने मोबाइलवर जिओजेब्रा उघडलं. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे काम आता कुठल्याही मुलाच्या खिशात आहे. तिने रेषा घातली, बिंदू घातला, लंब टाकला आणि बोटाने बिंदू ओढायला लागली. लंबाचा पाय रेषेवर सरसर सरकू लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मला एकदम माझा गुण्या दिसला. मधल्या काळात सूत्राने जे थांबवलं होतं ते सरकणं परत आलं होतं.

"काका, हे बघा," ती म्हणाली, "असा ओढला तर पाय हलतच नाही." ती बिंदूला लंबाच्याच दिशेने वर नेत होती. बिंदू दूर दूर जात होता आणि पाय (५, २) वर घट्ट उभा. एकाच लंबपादाचे असंख्य बिंदू असतात, ते सगळे एकाच रेषेवर असतात, आणि ती रेषा म्हणजे तो लंबच. हे मी तीस वर्षांत फळ्यावर कधी दाखवलं नव्हतं, कारण फळ्यावर बिंदू ओढता येत नाही. मग मी तिला रेषेऐवजी फक्त रेषाखंड घ्यायला सांगितला आणि बिंदू टोकाच्या पलीकडे ओढायला लावला. पाय खंड सोडून बाहेर गेला. मी तिला उणे सहाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

रस्त्याच्या नकाशावर आपल्या गाडीचा ठिपका रस्त्याच्या मधोमध दिसतो, त्यामागेही हाच पाय आहे, हे तिला सांगितलं तेव्हा ती जास्त खूश झाली. उपग्रहाकडून आलेली जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे असते, कधी शेतात तर कधी घरात. साधी रीत अशी, की त्या जागेतून जवळच्या रस्त्याच्या तुकड्यावर लंब टाकायचा आणि ठिपका त्याच्या पायाशी ठेवायचा. पाय तुकड्याच्या बाहेर पडला, तर तुकड्याचं जवळचं टोक घ्यायचं. हायवे आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी असले की ठिपका कधीकधी चुकीच्या रस्त्यावर उडी मारतो, तेही यामुळेच. दोन पाय जवळ जवळ पडलेले असतात.

गेल्या वर्षी गावाकडच्या आमच्या शेताची मोजणी झाली. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोजणीला आलेला मुलगा तिशीतला. साखळी नाही, झेंड्या नाहीत, चिंधीची काठी धरायला कुणी पोरगं नाही. त्याच्या हातात उंच काठी, काठीच्या माथ्यावर पांढरी गोल थाळी, मध्यावर एक छोटा पडदा. रोव्हर. उपग्रह आणि दूरवरच्या एका कायम केंद्राकडून येणाऱ्या माहितीमुळे काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगणारा. बांधाचे दोन जुने दगड सापडले होते, त्यांच्यामधल्या सरळ ओळीवर नवे दगड बसवायचे होते.

मी त्याच्या शेजारी जाऊन पडद्यात डोकावलो. दोन आकडे. एक, पहिल्या दगडापासून ओळीवर आपण कुठे आहोत. दुसरा, ओळीच्या डावीकडे किंवा उजवीकडे किती. दर सेकंदाला तो यंत्राचा मेंदू आमच्या पायाखालच्या जागेतून ओळीवर लंब टाकत होता आणि ते दोन आकडे नव्याने लिहीत होता. टिपणाच्या पानावर नाना जी जोडी लिहायचे, तीच. आण्यांऐवजी मीटर.

मुलगा पडद्याकडे बघत एक पाऊल डावीकडे गेला. जास्त झालं, अर्धं पाऊल उजवीकडे. मग वीतभर पुढे. काठीची अणी जमिनीवर टेकवत, उचलत. मी मागे मागे सरत गेलो. लक्षात आलं तेव्हा मी बांधाच्या कोपऱ्यावर उभा होतो, पाय जुळवून, हात सरळ सोडून.

"काका, तिथे उभं राहायची गरज नाही," तो म्हणाला. "सावलीत बसा."

मी "हो" म्हणालो, आणि त्याने टाचेने खूण करेपर्यंत तिथेच उभा राहिलो.